वाळवंटाची बुचं

११ जुलै

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज बीपी मोजा आणि वहीत लिहा. मोजला. लिहिला. दोन आकडे लिहून झाले तरी पान कोरंच. एवढं पान वाया घालवायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून उरलेल्या जागेत सुचेल ते लिहीन. शाळा चौथीत सुटली. अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे. ज्याला वाचता येणार नाही त्याने वाचू नये, तसंही कुणाला दाखवायला लिहीत नाहीये.

घरात आम्ही तिघी. मी, सून आणि नात. मुलगा बोटीवर असतो. वर्षातून एकदा येतो, पाहुण्यासारखा जेवतो आणि पाहुण्यासारखा जातो. सून बस डेपोत तिकिटाच्या खिडकीवर असते. दिवसभर लोकांशी बोलून येते, म्हणून घरी तोंड उघडत नाही. नातीला सगळे मुंगी म्हणतात, कारण लहानपणी जमीन दिसली की उकरायची. मोठी होऊन तेच करते, फक्त आता पगार मिळतो.

शहराबाहेर खोल बोअर मारतायत. त्यातून गरम पाणी काढायचं आणि थंडीत घराघरातल्या पाइपांत सोडायचं. म्हणजे जुनं बॉयलरघर बंद आणि कोळशाचा धूरही बंद. खाली कसला दगड लागेल हे सांगायचं काम मुंगीचं. मी विचारलं, "तू खाली जाऊन बघतेस का?"

"नाही गं."

"मग?"

"अंदाज."

अंदाजाला पगार देतात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या वेळी लोक अंदाज फुकट द्यायचे, नको म्हटलं तरी द्यायचे.

१४ जुलै

आज मुंगीने मला वाळवंट समजावलं. जेवणानंतर मला जरा आडवं व्हायचं होतं, पण हिला उमाळा आला होता.

"आजी, आपल्या पायाखाली, खूप खूप खोल, वाळवंट आहे."

"इथे? इथे धुतलेला टॉवेल दोन दिवस वाळत नाही."

"आत्ताचं नाही गं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. वाऱ्याने वाळूच्या टेकड्या रचल्या. मग त्यांच्यावर चिखल, समुद्र, पुन्हा चिखल, असे थरावर थर बसले. टेकड्या खाली दबल्या आणि त्यांचा दगड झाला. त्या दगडात आता पाणी आहे."

"दगडात कुठे?"

तिने दोन बरण्या घेतल्या. एकीत वाटाणे भरले, दुसरीत वाटाणे आणि वरून माझं चाळून ठेवलेलं पीठ. दोन्हींत पाणी ओतलं. पहिलीत पाणी सरसर तळाला गेलं. दुसरीत वरच तळं झालं.

म्हणाली, वारा म्हणजे चाळणी. जड खडे मागे राहतात, बारीक धूळ उडून जाते, आणि एका मापाचे दाणे एका जागी साठतात. एका मापाचे दाणे म्हणजे मधे फटी. फटी म्हणजे पाण्याला जागा, आणि पाण्याला वाट. खोलवर ऊब आपोआप असते, म्हणून ते पाणी गरम. टेकडीचा दगड मिळाला की आपलं भलं झालं. पण टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागी कधीमधी पाणी साचायचं, उन्हाने आटायचं आणि मागे गाळ आणि मीठ ठेवून जायचं. ते सगळ्या फटींत शिरून बसतं. तो दगड गच्च. "एकाच वाळवंटात दोन्ही असतं आजी. इथे मोकळा, चार पावलांवर गच्च. वरून कळत नाही."

मी म्हटलं, समजलं. काही समजलं नाही. वाळवंटात पाणी, दगडाला भोकं आणि विस्तवाशिवाय गरम. असं एखादी म्हातारी बोलली तर तिला दवाखान्यात नेतात. ही बोलते तर डिग्री देतात.

पिठाचे वाटाणे फेकले. वाळवंट शिकायचं तर वाळूने शिकवावं, दुसऱ्याचं पीठ कशाला?

१९ जुलै

मुंगी काल पत्र्याचा एक डबा घेऊन आली. आज पहाटे तो स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला, "आजी, हा लॅबला द्यायचाय, मी चार दिवसांनी बोअरवरून आले की आठवण कर," म्हणाली आणि पळाली. हे डबे खरं तर कुलपाच्या गोदामात ठेवायचे असतात, पण गोदामवाला लवकर घरी गेला म्हणे.

दुपारी बघते तर फळीवर तेलाचा ओघळ. डबा उघडला. आत दगडाची बुचं. खरोखर बाटलीच्या बुचाएवढी, गोल कापलेली, एकेक चांदीच्या कागदात गुंडाळलेलं, कागदावर नंबर. कागद उलगडला तर बूच तेलाने बरबटलेलं, आणि एका अंगाला पांढरा थर, ओल्या भिंतीला फुटतो तसा.

आता हे परक्याकडे जाणार. शेजारणीची वाटीसुद्धा मी कधी खरकटी परत केलेली नाही, उलट घासून, वर काहीतरी घालून परत करते. आणि हे असलं ध्यान आमच्या घरातून लॅबमध्ये जाणार? लोक काय म्हणतील, यांच्याकडे पाणी नाही का?

गरम पाणी काढलं, साबण घेतला आणि एकेक बूच ब्रशने घासून काढलं. नंबर हलायला नकोत म्हणून अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने मांडली, खाली त्याचा त्याचा कागद. चौथी झालेली असले तरी मोजता येतं मला.

२१ जुलै

बुचं भारीच हट्टी. वाळली की पुन्हा पांढरं फुटतं. मीही कमी नाही. टबात गरम पाणी, त्यात बुचं, टब शेगडीच्या कडेला. पाणी गार झालं की ओतायचं, नवं घालायचं. काल दिवसभर तेच, आज दिवसभर तेच. सुनेने टबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आपल्या खोलीत गेली. संध्याकाळी मात्र पांढरं फुटायचं थांबलं. काय सुरेख रंग निघाला खालून, वीटकरी! खडबडीत आणि स्वच्छ. पुन्हा कागदात गुंडाळली, डबा पुसला, फळीही पुसली.

२३ जुलै

मुंगी आली ती चिखलाने माखून.

"डबा?"

"फळीवर."

उचलला आणि गेली. उघडूनही बघितला नाही. मीही काही बोलले नाही. धुणं केल्याची दवंडी कोण पिटतं?

६ ऑगस्ट

आज लॅबवाला घरी आला होता. बारका, चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली, बसला तोही खुर्चीच्या कडेवर. दगडातल्या फटी मोजतो, आणि त्यातून पाणी किती सहज जाईल तेही मोजतो. मी त्याचं नाव मापाडी ठेवलं. त्याला सांगितलं नाही.

मापाडी म्हणाला, "आजी, तुमच्या नातीचं नशीब जोरावर आहे. त्या डब्यातली खालच्या थराची बुचं मी तीनदा लावली यंत्राला. एवढा मोकळा दगड मी पाहिला नाही. वरच्या थराची बुचं आधीच मोजली होती, ती यांच्यापुढे काहीच नाहीत."

"मग तोंड असं का करून बसलास?"

"नाही, आनंदच आहे. पण मुंगीला पटत नाहीये."

मुंगी भिंतीला टेकून उभी होती. "डोळ्याला मला खालचा थर गच्च वाटला होता. भिंगातून बघितला तेव्हा सगळं भरलेलं दिसत होतं."

"भिंगाला एक कोपरा दिसतो. यंत्र अख्खं बूच मोजतं," मापाडी म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर तुझा आकडा लिहिते आहे."

चहा देताना मी त्याला म्हटलं, तुमच्याकडे दगड कापतात की तळतात? किती तेल ते! तो हसला. म्हणाला, "असला दगड पाण्याने कापत नाहीत आजी. पाण्याचा थेंबही लावत नाही आम्ही, तेलावरच कापतो." म्हटलं, दिसतंच आहे! पाण्याचं वावडं असलेली माणसं.

तो गेल्यावर मुंगी बराच वेळ खिडकीत. आकडे चांगले आले तर कुणी असं बसतं? माझ्या मते हा मापाडी तिला मागणी घालणार आहे आणि तिला तो पसंत नाही. काडी तरी नवी लावायची.

१८ ऑगस्ट

ठरलं. पाणी खालच्या थरातून घेणार. वरचा थर सिमेंटने बंद करून टाकला. मुंगीच्या साहेबांनी (बारा महिने गळ्यात मफलर) सही केली. आणखी एका महिन्याने जुनं बॉयलरघर बंद. जिन्यात खालची शिंपीणबाई म्हणाली, "अहो मुंगीच्या आजी, थंडीत गोठवणार नाही ना तुमची नात आम्हाला?" मी म्हटलं, उलट खिडक्या उघडून झोपाल.

२ ऑक्टोबर

बोअर उघडला. सगळे बघायला गेले होते, मी गुडघ्यामुळे नाही गेले. सून परत आली, चपला काढल्या आणि स्वतःहून बोलली, तेव्हाच मी ओळखलं काहीतरी बिनसलंय.

"आई, पाणी आलंच नाही. म्हणजे आलं, पण नळाला येतं ना पालिकेचं, तसं."

मी विचारलं, गरम होतं?

"गरम होतं. घोटभर गरम."

५ ऑक्टोबर

पंप मोठा लावला. तेवढंच. अजून मोठा लावला. तेवढंच. मुंगी जेवायला बसते आणि ताटाकडे बघते. दगडाने हो म्हटलं, बोअर नाही म्हणतो. दोघांपैकी कोण खोटं बोलतं ते तिला कळेना, मला कळेना, मफलरसाहेबांना तर मुळीच. तीन शिकलेली माणसं आमच्या टेबलावर कागद पसरून बसली होती आणि एकमेकांना तोच प्रश्न विचारत होती. मी चार वेळा चहा केला.

शिंपीणबाईने जिन्यात विचारलं, "खिडक्या कधी उघडायच्या?" मी म्हटलं, तोंड मिटल्यावर. पण जीव थोडा थोडा झाला. तिच्या घरी आजारी नवरा आहे.

९ ऑक्टोबर

कळलं कोणाची चूक! मापाड्याची. मफलरसाहेबांनी दुसऱ्या शहरातून माणूस आणला. त्याने गोदामातल्या कुलपातला, बुचं कापून उरलेला मोठा दगड बघितला आणि म्हणाला, हा तर गच्च आहे, तुमच्या लॅबने मोजलं काय? मापाडी म्हणतो, मला आली तशी मी मोजली. यावर कोण विश्वास ठेवणार? अठरा तारखेला नगरभवनात लोकांसमोर सभा आहे, तिथे साहेब सांगणार की मोजणीत हयगय झाली. मग त्याची नोकरी गेली. नुसती गेली नाही, या धंद्यात त्याला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही.

मी आधीच म्हटलं होतं. ज्याला स्वतःच्या चष्म्याची काडी बसवता येत नाही तो शहराची थंडी मोजणार. खुर्चीच्या कडेवर बसणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास नव्हता.

त्याला म्हातारी आई आहे म्हणे. असेल. आया सगळ्यांनाच असतात.

१३ ऑक्टोबर

आज बीपी मोजला नाही. तरी लिहिते, कारण डोक्यात जे आहे ते जागेवर बसत नाही.

संध्याकाळी मुंगी भांडी पुसत होती. म्हणाली, "मला कळत नाही आजी, तो इतका काटेकोर आहे, त्याच्याकडून असं होईल कसं?"

मी म्हटलं, "काटेकोर? तो? त्यांची बुचं बघितली होतीस? तेलाने बरबटलेली, वर पांढरं. तरी बरं, मी धुतली म्हणून. नाहीतर तसंच जाणार होतं सगळं आमच्या घरातून."

ताटली तिच्या हातातच राहिली.

"काय धुतलं?"

"तुझी बुचं. जुलैत."

"कशाने?"

"कशाने म्हणजे? पाण्याने. चांगल्या गरम पाण्याने. दोन दिवस भिजवली, तेव्हा कुठे पांढरं गेलं."

ती खुर्चीवर बसली नाही, जमिनीवर बसली. मला वाटलं घेरी आली. कांदा फोडायला घेतला तर म्हणाली, "राहू दे." मग हळूहळू बोलायला लागली, माझ्याशी नाही, फरशीशी. ते पांढरं म्हणजे मीठ. वाळवंटातलं. कोट्यवधी वर्षं फटींत बसलेलं. खाली जमिनीत ते अजून तिथेच आहे, म्हणून पाणी येत नाही. बुचांतलं मात्र मी काढून टाकलं. म्हणून यंत्रात वारं सुटल्यासारखा आकडा आला.

"म्हणजे मी मोकळा केला दगड?" मी विचारलं.

"सात-आठ बुचं केलीस मोकळी. खाली डोंगरचे डोंगर आहेत."

"मग मापाडी?"

"त्याने बरोबर मोजलं. जे दिलं ते बरोबर मोजलं."

 मग ती उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "आजी, कुणाला सांगू नकोस. मला विचार करू दे."

"मी काय, मुद्दाम केलं का?"

"नाही गं. डबा घरी मी आणला. न बघता मी दिला. डोळ्याला गच्च दिसत होता तरी आकडा मी लिहिला. तू फक्त बुचं धुतलीस."

फक्त. हा शब्द मला कुठे ठेवावा कळत नाहीये. माझा सगळा जन्म फक्त धुण्यातच गेला आहे.

१५ ऑक्टोबर

मुंगी विचार करते आहे. अजून करतेच आहे. कामावरून आल्यावर माझ्याशी हवेचं बोलते. हवा थंड आहे, एवढंच काय ते बोलायचं उरलं आहे. पाइप गार आहेत. सून कोट घालून टीव्ही बघते.

मला समजत नाही ते हे: चूक माझी म्हणावी तर मी वाईट काय केलं? मुंगीची म्हणावी तर तिने मला धू म्हटलं नाही. मापाड्याची तर नाहीच, आणि शिक्षा त्यालाच. अशी भाकड चूक मी पाहिली नव्हती. कुणाचीच नाही आणि तरी तिला तीन दिवसांनी कुणाच्या तरी गळ्यात बांधायचं ठरलंय.

त्याला मी या वहीत काय काय बोलले ते मागे जाऊन वाचलं. खोडलं नाही. खोडलं की पान खराब होतं.

१८ ऑक्टोबर

गेले सभेला. गुडघ्याला म्हटलं, आज तू गप्प बस.

नगरभवन भरलं होतं, सगळे कोट घालूनच. व्यासपीठावर मफलरसाहेब, शेजारी मुंगी, आणि टोकाला मापाडी, इथेही खुर्चीच्या कडेवर. साहेबांनी वाळवंट सांगितलं, टेकड्या सांगितल्या. मुंगीच्या बरण्यांनी जास्त समजलं होतं. मग म्हणाले, दुर्दैवाने प्रयोगशाळेच्या पातळीवर गंभीर हयगय झाली आहे. मापाडी जमिनीकडे बघत होता. लोकांत कुजबुज. मागून कुणीतरी ओरडलं, "काढा त्याला!"

मी उभी राहिले. आधी कुणाचं लक्ष नव्हतं. म्हणून काठी आपटली.

"त्याने बरोबर मोजलं," मी म्हटलं. "दगड मी धुतले होते. गरम पाण्याने. त्यातलं मीठ मी काढलं."

लोक वळून बघायला लागले. मग हसले. सगळं सभागृह हसलं. वाईट हसणं नव्हतं ते, तेच जास्त लागलं. लहान मूल गोष्टीत मधेच बोलतं तेव्हा हसतात तसं. साहेबसुद्धा हसले आणि म्हणाले, "आजीबाईंना कुणीतरी पाणी द्या." शिंपीणबाईने माझा दंड धरला, "बसा हो, बसा, थंडीने होतं असं."

मी मुंगीकडे बघितलं. मुंगीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठेल. तिने टेबलावरचा पेला उचलला, खाली ठेवला, आणि त्या पेल्याकडेच बघत राहिली.

सुनेने मला घरी आणलं. वाटेत एकच बोलली. "आई, तुम्ही खरंच धुतले होते. मी टब बघितला होता."

१९ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही.

२० ऑक्टोबर

आजही नाही. मुंगी सकाळी गेली, संध्याकाळी आली. ती दार लावून बसली. मीही हाक मारली नाही. जिन्यात लोक माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले आहेत.

२१ ऑक्टोबर

दुपारी मापाडी आला. मला वाटलं, भांडायला आला. म्हटलं, बस. बसला, कडेवर. पाण्याचा पेला दिला.

"आजी, सभेत सगळे हसले. मी नाही हसलो."

"का? विनोद आवडत नाहीत?"

"बुचांना साबणाचा वास येत होता. मी कागद उलगडला तेव्हाच. मला वाटलं, मुंगीच्या हाताचा असेल." मग त्याचे कान लाल झाले. आमच्या घरात एवढी थंडी, आणि याचे कान लाल!

"अरे मग बोलायचं नाही का? तुझी नोकरी जातेय आणि तू साबणाचा वास पोटात घेऊन बसलास?"

तो पेल्यात बघत राहिला. ही आजकालची मुलं पेल्यांत काय बघतात देव जाणे. "बोललो असतो तर डबा कुठे होता ते विचारलं असतं," तो म्हणाला. "तेच सांगायला आलोय आजी. तुम्ही पुन्हा कुठे बोलू नका. साहेबांकडे वगैरे जाऊ नका. माझं मी बघेन. मी आईला घेऊन दुसरीकडे जाईन, दुसरं काहीतरी करेन. तिने या बोअरवर पाच वर्षं घातली आहेत."

"तिने वर्षं घातली म्हणून तू तुझी नोकरी घालवतोस? तुझं तुला कळतंय का काय बोलतोयस?"

"कळतंय," तो म्हणाला. मला तर कळत नव्हतं. ज्याच्यावर आळ आला तोच येऊन म्हणतो, राहू द्या. चांगुलपणा असावा माणसात, पण एवढा म्हणजे दुखणंच.

इतक्यात बघते तर दारात मुंगी. कोट घातलेला, किल्ली हातात, कधीची उभी होती कुणास ठाऊक. मापाडी उठून उभा राहिला. दोघं एकमेकांकडे बघेनात. मी म्हटलं, "आता आलीच आहेस तर दार लाव, थंडी आत येते."

तिने दार लावलं, पण बाहेरून. गेली. मापाडी म्हणाला, मी निघतो. म्हटलं, चहा टाकलाय, टाकलेला चहा कोण पिणार?

दुसरा चहा संपता संपता ती परत आली. धापा टाकत होती. टेबलावर एक चांदीचा कागद ठेवला. गोदाम उघडून, त्याच खालच्या थराच्या दगडातून, नवीन बूच कापून आणलं होतं. तेलाने बरबटलेलं. जसं पहिल्या दिवशी होतं तस्सं.

"हे आधी असंच मोज," ती मापाड्याला म्हणाली. "मग आजी धुवेल. त्या दिवशी धुतलं होतं तसंच. मग पुन्हा मोज. आणि दोन्ही आकडे साहेबांना मी देणार आहे, तू नाही."

मापाडी म्हणाला, "मुंगी, गरज नाही."

"गप्प बस," ती म्हणाली.

इतक्या दिवसांत तिने कुणाला गप्प बस म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बरं वाटलं.

२४ ऑक्टोबर

मापाड्याने मोजलेलं बूच परवा आलं. न धुतलेलं, आकडा जवळजवळ शून्य. ते मी टबात घातलं. पांढरं फुटलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा फुटलं. मुंगी शेजारी बसून बघत होती. प्रत्येक पाणी ओतायच्या आधी तिने त्यात बोट बुडवून चाखलं. पहिलं पाणी खारट, दुसरं खारट, शेवटचं नुसतं पाणी.

"वाळवंटाची चव," ती म्हणाली.

म्हटलं, दुसऱ्याच्या धुण्याचं पाणी चाखत बसलीस, शिकलेली ना तू?

२७ ऑक्टोबर

दुसरा आकडा आला. जुलैत आला होता तसाच, मोठा. मुंगी दोन्ही घेऊन साहेबांकडे गेली. मी म्हटलं, मीही येते. "नको," ती म्हणाली, "मागे तू एकटी उभी राहिलीस. आता माझी पाळी."

दुपार गेली. मी बटाटे काढून बसले आणि एकही सोलला नाही.

ती आली, कोट काढला, माझ्यासमोर बसली. दुसरी सुरी घेऊन बटाटा सोलायला लागली.

"काय म्हणाले?"

"ओरडले."

"खूप?"

"मफलर काढून ओरडले."

म्हणजे खूपच. "मग?"

मापाड्याची नोकरी राहिली. त्याच्याबद्दल जे बोलले ते साहेब उद्या लेखी मागे घेणार. बोअरमध्ये आता गोडं पाणी सोडून बघणार. भोवतालचं मीठ विरघळलं तर विरघळलं, नाहीतर सिमेंट फोडून वरचा थर उघडायचा. तोवर जुनं बॉयलरघर पेटवायचं. हिवाळा धुरातच जाणार. मुंगीला या कामावरून काढलं. पुढचं ठरेपर्यंत घरी.

तिला बरं वाटतंय की वाईट, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. माझं मलाही कळत नव्हतं. एका हाताने मी नातीचं काम घालवलं आणि त्याच हाताने एका मुलाचं वाचवलं, आणि दोन्ही वेळा हातात तोच टब. माझ्या चौथीत असलं गणित नव्हतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "सभेत का नाही उठलीस?"

मला वाटलं आता कारणं येतील. साहेब शेजारी होते, आकडे हातात नव्हते, योग्य वेळ नव्हती. तिच्या बापाची असतात तशी.

"घाबरले," ती म्हणाली.

बस, एवढंच. आमच्या घराण्यात घाबरट माणसं पुष्कळ होऊन गेली. त्यांच्यात मीही येते. कबूल करणारी ही पहिली.

मी तिच्या हातातला बटाटा काढून घेतला. सालाबरोबर निम्मा बटाटा टाकत होती.